सभागृहाबाहेरची नगरसेविका

नवी मुंबईतल्या जुईनगरात नगरसेवक म्हटले की पहिल्यांदा बाक आठवतो. बाकाच्या पाठीवर रंगवलेले नाव, खाली ‘यांच्या प्रयत्नाने’. मग पेव्हर ब्लॉक, गटारांची झाकणे, उद्यानातली ओपन जिम आणि चौकातला दहीहंडीचा फलक. हे मी टिंगलीने लिहीत नाही. तुंबलेले गटार उपसून घ्यायला कोणाच्या दारात जायचे हे ठाऊक असणे ही लोकशाहीतली फार मोठी सोय आहे. ती हरवली की काय होते ते आपण पाहिले आहे: २०२० च्या मे महिन्यात नवी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ शहराला एकही नगरसेवक नव्हता. सगळा कारभार प्रशासकाकडे. झाकणे त्या काळातही बसत होती, तक्रार मात्र ॲपवर नोंदवायची आणि ‘निराकरण झाले’ असा संदेश आला की तोच निकाल समजायचा.

ही पुस्तिका ज्या नगरसेविकेविषयी आहे, तिच्या नावाचा बाक कुठे असल्याचे मी ऐकलेले नाही. क्षमा सावंत २०१४ ते २०२३ अशी दहा वर्षे अमेरिकेतल्या सिॲटल शहराच्या परिषदेवर होत्या. त्याआधी त्या अर्थशास्त्र शिकवत. स्वतःला उघडपणे मार्क्सवादी म्हणवून घेत त्या निवडून आल्या, आणि तेही ॲमेझॉनचे मुख्यालय असलेल्या, बोइंगने वाढवलेल्या शहरात.

आडनाव वाचून आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: सावंत म्हणजे कुठल्या, सावंतवाडीकडच्या का? तर नाही. त्यांचा जन्म १९७३ मध्ये पुण्यात झाला, पण घर तमिळ भाषकांचे. वडील सिव्हिल इंजिनिअर, आई पुढे मुख्याध्यापिका झाल्या. सावंत हे आडनाव पहिल्या लग्नातून आले. क्षमा तेरा वर्षांच्या असताना दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकाने त्यांच्या वडिलांचा जीव घेतला. पुढचे शिक्षण मुंबईत झाले आणि १९९४ मध्ये मुंबई विद्यापीठातून त्यांनी संगणकशास्त्राची पदवी घेतली. म्हणजे ‘आपली मराठी मुलगी’ म्हणून मिरवायला फारसा वाव नाही. पण नव्वदच्या दशकात मुंबईत संगणक शिकून अमेरिकेला गेलेल्या हजारो मुलामुलींपैकी त्या एक, एवढी ओळख जुईनगरला पुरेशी जवळची आहे. इथल्या किती घरांतल्या भिंतीवर तशा मुलाच्या पदवीदानाचा फोटो लागलेला आहे!

त्या फोटोतली मुले बहुतेक करून जिथे पोचली तिथे स्थिरावली. सावंत यांनी संगणक सोडला. एवढी संपत्ती असलेल्या देशात एवढी गरिबी कशी, या प्रश्नाने आपल्याला अर्थशास्त्राकडे वळवले, असे त्या सांगत आल्या आहेत. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. घेतली. या प्रबंधाचा विषय त्यांच्यावर लिहिणारे एका ओळीत उरकतात, मला तिथे थांबावेसे वाटते. विषय होता अविकसित ग्रामीण अर्थव्यवस्थेतल्या वृद्धांचे श्रम. म्हातारपणीही माणसे कामावर का जातात, किती जातात, कशामुळे थांबतात, याचा आकडेवारीवर उभा केलेला अभ्यास. त्यात घोषणा नाहीत. मुख्य प्रवाहातल्या विद्यापीठात, मुख्य प्रवाहाच्या पद्धतीने केलेले काम आहे ते. सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करणारे, पासष्टी उलटलेले वॉचमन ज्यांनी रोज पाहिले आहेत, त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. सावंत यांना आकडे कळत नव्हते, त्या केवळ गळा काढत होत्या, असे त्यांचे विरोधक सुचवत आले. माझ्या मते उलट आहे. आकड्यांनी कुठवर जाता येते हे त्यांना नीट कळले होते, म्हणून त्या रस्त्यावर आल्या.

२००६ मध्ये त्या सिॲटलला आल्या. सिॲटल सेंट्रल कम्युनिटी कॉलेजसह तिथल्या काही संस्थांत शिकवू लागल्या आणि ‘सोशलिस्ट ऑल्टरनेटिव्ह’ या छोट्या ट्रॉट्स्कीवादी पक्षात काम करू लागल्या. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर सुरू झालेल्या ‘ऑक्युपाय’ आंदोलनाची लाट सिॲटलला पोचली तेव्हा आंदोलकांचे तंबू पुढे त्याच कॉलेजच्या आवारात पडले, आणि त्यांना तिथे जागा मिळावी म्हणून बोलणाऱ्यांत या प्राध्यापिका होत्या. २०१२ मध्ये त्यांनी राज्य विधिमंडळाच्या निवडणुकीत थेट सभापती फ्रँक चॉप यांना आव्हान दिले आणि सुमारे २९ टक्के मते मिळवून हरल्या. पक्ष नगण्य, पैसा नाही, आणि तरी २९ टक्के. शहरातल्या जाणत्यांनी तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

पुढच्याच वर्षी त्या नगर परिषदेला उभ्या राहिल्या. समोर रिचर्ड कॉन्लिन, सोळा वर्षे परिषदेवर असलेले डेमोक्रॅट. या गृहस्थांची एक नोंद महत्त्वाची आहे: २०११ मध्ये कामगारांना पगारी आजारपणाची रजा देणारा नियम परिषदेने केला तेव्हा विरोधात पडलेले एकमेव मत त्यांचे होते. वॉशिंग्टन राज्यात मतदान टपालाने होते आणि मोजणी कित्येक दिवस चालते. पहिल्या रात्री सावंत मागे होत्या. उशिरा टाकलेली मते, म्हणजे बहुतेक तरुण भाडेकरूंची, मोजली जाऊ लागली तसा फरक आटला आणि शेवटी कॉन्लिन यांनी पराभव मान्य केला. १९१६ मध्ये ॲना लुईस स्ट्राँग शाळा मंडळावर निवडून आल्या होत्या. त्यानंतर सिॲटलच्या शहरभरच्या निवडणुकीत जिंकलेल्या या पहिल्या समाजवादी. स्ट्राँगबाईंचे शहर १९१९ मध्ये सार्वत्रिक संपाने पाच दिवस बंद पडले होते. जवळपास ६५ हजार कामगार त्या संपात होते. म्हणजे सावंत कुठल्या ओसाड जमिनीवर उगवल्या नव्हत्या. गिरणगाव विसरलेल्या मुंबईसारखेच ते शहर आपली जुनी गोष्ट विसरले होते, इतकेच.

निवडणुकीत त्यांचा एकच आकडा होता: तासाला १५ डॉलर किमान वेतन. त्या वेळी राज्याचे किमान वेतन ९ डॉलर १९ सेंट होते. मागणी त्यांनी शोधलेली नव्हती. न्यूयॉर्कमधल्या फास्टफूडच्या कामगारांनी २०१२ च्या अखेरीस संप करून ती पुढे आणली होती, आणि शेजारच्या सीटॅक या विमानतळाच्या गावी २०१३ मध्येच ती जनमताने मंजूर झाली होती. सावंत यांनी केले ते वेगळे. पदाची शपथ घेताच ‘फिफ्टीन नाऊ’ ही मोहीम उभी केली. महापौर एड मरे यांनी मालक आणि कामगार संघटनांची समिती नेमली, त्या समितीतही सावंत बसल्या. पण बाहेर मोहिमेने शहराच्या सनदेतच दुरुस्ती करणारा प्रस्ताव मतदारांपुढे नेण्याची तयारी चालवली होती. समितीतल्या मालकांना निवड करायची होती: वाटाघाटीतून टप्प्याटप्प्याने १५, किंवा नोव्हेंबरच्या मतपेटीतून एकदम १५. २ जून २०१४ रोजी परिषदेने नियम एकमताने मंजूर केला. पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना काही वर्षांची मुदत मिळाली, छोट्यांना २०२१ पर्यंत. टिप पगारात धरण्याची तात्पुरती सवलत आणि शिकाऊ कामगारांना कमी दर या तरतुदींना सावंत यांनी विरोध केला, तरी शेवटी मत बाजूने दिले.

या पुस्तिकेत मला जे म्हणायचे आहे ते इथेच आहे. नऊ जणांच्या परिषदेत त्यांचे मत एक होते. आठांना त्यांनी वादात हरवले असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. आठांना सभागृहाबाहेरचे गणित दिसले. बाहेरचा रेटा टिकला तिथे सावंत जिंकल्या, तो ओसरला तिथे त्याच सभागृहाने त्यांना आपटले. त्यांच्या कारकिर्दीतला जवळपास प्रत्येक प्रसंग या एका कसोटीवर लावून पाहता येतो.

आता अर्थशास्त्र. किमान वेतन वाढले की रोजगार घटतो, हे पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातले वाक्य. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी १९९४ मध्ये न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनियातल्या फास्टफूड दुकानांची तुलना करून त्याला तडा दिला. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. सिॲटल तर या वादाची प्रयोगशाळाच बनले. २०१७ च्या जूनमध्ये बर्कलीच्या अभ्यासकांनी सांगितले की हॉटेल-रेस्टॉरंटांत वेतन वाढले आणि नोकऱ्या घटल्या नाहीत. त्याच महिन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने उलटे सांगितले: दर १३ डॉलरला पोचल्यावर कमी पगाराच्या कामांचे तास सुमारे ९ टक्क्यांनी घटले आणि अशा कामगाराचे महिन्याला सरासरी १२५ डॉलरचे नुकसान झाले. दुसऱ्या अभ्यासात अनेक शाखा असलेल्या कंपन्या धरलेल्याच नव्हत्या. पहिल्यात फक्त खाद्यव्यवसाय होता. शिवाय त्या वर्षांत ॲमेझॉनच्या भरतीमुळे शहर इतके तेजीत होते की कमी पगाराची कामे आपसूकच चढ्या पगाराची होत होती, त्यामुळे घट कायद्याने झाली की तेजीने, हे वेगळे काढणे अवघड. वॉशिंग्टनच्याच गटाने पुढच्या वर्षी सांगितले की आधीपासून कामावर असलेल्या अनुभवी लोकांचा फायदा झाला, तोटा नव्याने कामावर येऊ पाहणाऱ्यांच्या वाट्याला गेला. सावंत यांचे भक्त हा शेवटचा भाग गाळतात. तो गाळू नये. पण २०२५ मध्ये सिॲटलचा दर २० डॉलर ७६ सेंटवर गेला आणि शहरातली हॉटेले सुरू आहेत, हेही विरोधकांनी गाळू नये.

आपल्या वाचकाला इथे एक अडचण येणार. नवी मुंबई महापालिका असा नियम करू शकते का? नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून हा अधिकार राज्य आणि केंद्र सरकारांचा. महापालिका चालते १९४९ च्या कायद्यावर, आणि त्यात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत, जे राज्य सरकारने नेमलेले अधिकारी असतात. आपले सभागृह १११ जणांचे, सिॲटलचे नऊ जणांचे. पण ते नऊ जण कायदे करतात, पूर्णवेळ पगार घेतात, प्रत्येकाला स्वतःचे कर्मचारी असतात. सावंत वर्षाच्या सुमारे १ लाख १७ हजार डॉलर पगारातले सरासरी कामगाराएवढे, म्हणजे ४० हजारांच्या आसपास, ठेवून घेत आणि उरलेले आंदोलनांच्या निधीत टाकत. तुलना करायचीच तर कंत्राटी सफाई कामगारांची करावी. तिथे मूळ मालक महापालिकाच असते, आणि निविदेत वेतनाची अट काय घालायची यावर स्थायी समितीत बोलता येते. तेवढी फट आपल्याकडेही आहे.

दुसरा मोठा भाग घरांचा. जुईनगरात अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला तो सर्वांत आधी वाचावासा वाटेल. वॉशिंग्टन राज्यात १९८१ पासून शहरांना भाडेनियंत्रण करण्यास बंदी आहे. सावंत यांनी ती उठवण्याची मागणी सोडली नाही, पण तोपर्यंत बंदीच्या कडेकडेने जेवढे करता येईल तेवढे केले. घरात शिरताना घेतल्या जाणाऱ्या अनामत आणि शुल्कांवर मर्यादा, २०१६. हिवाळ्यात घराबाहेर काढण्यास मनाई, २०२०. निष्कासनाच्या खटल्यात भाडेकरूला मोफत वकील, २०२१. भाडेवाढीची सहा महिने आधी नोटीस, तेही २०२१. शेवटच्या वर्षी, २०२३ मध्ये, उशिरा भाडे भरल्याचा दंड महिन्याला १० डॉलरवर आणला. त्याच वर्षी शहराचे भाडेनियंत्रण मात्र परिषदेने फेटाळले. या कायद्यांत भव्य काही नाही. ते वाचताना मला गोरेगावच्या पाण्यासाठी हंडे घेऊन बायकांना पालिकेवर नेणाऱ्या मृणाल गोरे आठवतात, आणि वर्षानुवर्षे मुंबई महापालिकेत बसलेल्या कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर. एका बाईचे मत सभागृहात पडायचे आणि शंभर बायका गॅलरीत आणि दाराबाहेर असायच्या. सावंत यांची सिॲटलमधली कार्यपद्धती मुंबईकराला परकी वाटण्याचे कारण नाही.

मग ॲमेझॉन. मे २०१८ मध्ये परिषदेने मोठ्या कंपन्यांवर दर कर्मचाऱ्यामागे वर्षाला २७५ डॉलरचा कर एकमताने बसवला. पैसा बेघरांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी जाणार होता. त्याआधीच ॲमेझॉनने एका टोलेजंग इमारतीचे काम थांबवल्याची घोषणा करून टाकली होती. कंपनीच्या काचेच्या गोलांसमोर सावंत बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा लोखंडी बांधकाम करणाऱ्या कामगारांनी ‘कर नको’ ओरडत त्यांचे भाषण बंद पाडले. समाजवादी नगरसेविकेला कामगार गप्प करताहेत, हे दृश्य त्यांच्या विरोधकांनी हजारदा दाखवले, आणि दाखवायलाच हवे होते. ज्याची रोजी त्या इमारतीवर होती, त्याला बेघराच्या घराचा हिशेब सांगायला आधी त्याच्या वस्तीत जावे लागते. ते झाले नव्हते. कर मंजूर झाल्यापासून महिन्याच्या आत, १२ जूनला, परिषदेने स्वतःचाच कर ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. विरोधात सावंत आणि तेरेसा मोस्केडा या दोघीच.

२०१९ च्या निवडणुकीत ॲमेझॉनने परिषदेच्या जागांसाठी सुमारे १५ लाख डॉलर ओतले. पहिल्या रात्री सावंत आठ टक्क्यांनी मागे, अखेरीस चार टक्क्यांनी पुढे. तो पैसाच कंपनीच्या अंगाशी आला. जुलै २०२० मध्ये मोस्केडा यांच्या नेतृत्वाखाली मोठ्या पगारांवरचा कर मंजूर झाला, २०१८ च्या करापेक्षा कितीतरी मोठा. सावंत यांच्या ‘टॅक्स ॲमेझॉन’ मोहिमेने रस्ते तापवले नसते तर तो झाला नसता, असे मला वाटते. मोस्केडा यांनी मतांची जुळवाजुळव केली नसती तरीही झाला नसता, हे मात्र सावंत यांनी कधी मोकळेपणाने मान्य केल्याचे दिसत नाही. हा त्यांचा दोष छोटा नाही. सहकारी डेमोक्रॅटांवर त्या भर सभेत तोफ डागत. अर्थसंकल्पाच्या मतदानात अनेकदा एकट्या उरत. बाहेरच्या लोकांवर विश्वास ठेवणारी व्यक्ती आतल्या माणसांना शत्रूच समजू लागते, हा डाव्या राजकारणातला जुना आजार आहे, आणि महाराष्ट्रातल्या डाव्यांना तो कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी मतदान झाले. आरोप तीन होते: पालिकेची साधने ‘टॅक्स ॲमेझॉन’च्या प्रचाराला वापरली, कोविडच्या काळात रात्री आंदोलकांसाठी सिटी हॉल उघडला, आणि महापौरांच्या घरावर मोर्चा नेला. पहिल्या आरोपातला नियमभंग त्यांनी मान्य करून दंडही भरला होता. सुमारे ४१ हजार मतांत त्या ३१० मतांनी वाचल्या.

२१ फेब्रुवारी २०२३ चा दिवस मराठी वाचकाला सर्वांत जवळचा. त्या दिवशी सिॲटलने भेदभावविरोधी कायद्यात जात हा शब्द घातला, सहा विरुद्ध एक मताने. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. प्रस्ताव सावंत यांचा होता, आणि आपण तमिळ ब्राह्मण घरातल्या आहोत हे त्यांनी लपवले नाही. पण या कायद्याचे श्रेय एकट्या त्यांना देणे जातीच्याच चालीने जाणे होईल. मागे उभ्या होत्या अमेरिकेतल्या आंबेडकरी संघटना, कार्यालयांत आडनाव विचारले की सावध होणारे दलित अभियंते, आणि सिस्को कंपनीवर कॅलिफोर्निया राज्याने २०२० मध्ये केलेला जातिभेदाचा दावा. विरोधात काही हिंदू संघटना होत्या. त्यांचे म्हणणे, या कायद्याने एका समाजावर शिक्का बसतो. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असाच कायदा केला आणि राज्यपालांनी तो नाकारला.

अर्थशास्त्राचा प्राध्यापक राजकारणात उतरतो तेव्हा काय होते, याचे आपल्याकडचे पहिले मोठे उत्तर डॉ. आंबेडकर आहेत. १९१८ ते १९२० ते सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या सोबतीने मुंबईत संप घडवला. विधिमंडळात भाषण आणि परळला सभा, ही जोडी तिथे आधीच दिसते. जात आणि वर्ग यांच्यातले नाते सावंत यांच्या पक्षाने पुस्तकात जेवढे सोपे केले होते तेवढे ते नाही, हे त्या फेब्रुवारीत सभागृहात साक्ष द्यायला आलेल्यांनी त्यांना शिकवले असावे.

२०२३ च्या जानेवारीत त्यांनी पुन्हा न लढण्याचे जाहीर केले आणि ‘वर्कर्स स्ट्राइक बॅक’ ही संघटना सुरू केली. पुढच्या वर्षी जुना पक्षही सुटला. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत बंगळुरूला आजारी आईला भेटण्यासाठी मागितलेला भारताचा व्हिसा त्यांना वारंवार नाकारला गेला. सिॲटलच्या परिषदेने फेब्रुवारी २०२० मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध केलेला ठराव त्यांचाच होता, आणि नकाराचे कारण त्या तिथेच शोधतात. २०२६ च्या काँग्रेस निवडणुकीसाठी त्यांनी डेमोक्रॅट खासदाराविरुद्ध उमेदवारी जाहीर केली. त्या खासदाराचे नाव ॲडम स्मिथ आहे. अर्थशास्त्राच्या बाईंना प्रतिस्पर्धी याहून योग्य मिळाला नसता!

सिॲटलमधली त्यांची जागा जॉय हॉलिंग्सवर्थ यांच्याकडे गेली, ज्यांचा सूर बराच मवाळ आहे. किमान वेतन, भाडेकरूंचे कायदे आणि जातीचा कायदा जागेवर आहेत. मोठ्या पगारांवरचा कर मात्र मुख्यतः घरांसाठी राखून ठेवलेला होता, आणि नव्या परिषदेने त्यातला मोठा वाटा शहराच्या तुटीकडे वळवला. त्याला अडवायला सभागृहाबाहेर यावेळी पुरेशी गर्दी नव्हती.